यंत्र आलं, प्रॅक्टिकल तेच राहिलं

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकाचा प्रयोग चालू असतो. बॅच वीस-बावीस जणांची, मांडण्या पाच. दोरा किती लांब घ्यायचा, किती आंदोलनं मोजायची, हे फळ्यावर लिहिलेलं असतं. गुरुत्वत्वरणाची किंमत ९८० येणार हे दोऱ्याला हात लावण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ती ९८०च येते. नाहीच आली तर सीनियरचं जर्नल असतं. त्याच खोलीच्या कोपऱ्यात प्लास्टिकचं कव्हर घातलेलं एक महागडं यंत्र असतं. त्याच्या पोटावर पांढऱ्या रंगानं डेड स्टॉकचा नंबर घातलेला, शेजारी योजनेचं नाव. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती येते त्या दिवशी कव्हर निघतं.

असे नंबर घालणाऱ्यांत मीही होतो. भौतिकशास्त्र शिकवत असताना मी अनुदानासाठी चार प्रस्ताव लिहिले. दोन मंजूर झाले, दोन परत आले. परत आलेले आज माझ्यासमोर कोणी ठेवले तर मीही ते नाकारीन. यंत्रांची यादी होती, किमती होत्या, तीन-तीन कोटेशनं जोडलेली होती. मुलं त्या यंत्रांचं काय करणार, हे मात्र कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मंजूर झालेल्या दोन प्रस्तावांतही नव्हतं.

पदवीच्या पातळीवर विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं शिक्षण सुधारायला पैसा मिळतो. तो कोण देतं, कोणत्या अटींवर देतं आणि आल्यावर त्याचं काय होतं, ते पाहू.

पगार एकीकडून, प्रयोग दुसरीकडून

महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयाला राज्य शासनाकडून येणारा पैसा मुख्यतः पगाराचा असतो. ब्युरेट फुटली, सिल्व्हर नायट्रेट संपलं, ऑसिलोस्कोपचा प्रोब तुटला, तर तो खर्च विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळा फीमधून नाहीतर संस्थेच्या तिजोरीतून होतो. त्यापलीकडचं काही करायचं म्हटलं की प्रस्ताव लिहिणं आलं.

हा प्रकार नवा नाही. १९६३ पासून आपल्याकडे अमेरिकेच्या मदतीनं विज्ञान शिक्षकांच्या उन्हाळी कार्यशाळा सुरू झाल्या. १९७०च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगानं महाविद्यालयांतलं विज्ञानाचं शिक्षण सुधारण्यासाठी ‘कोसिप’ नावाचा कार्यक्रम चालवला. जुन्या प्राध्यापकांना हे नाव अजून आठवतं. काही प्रयोगशाळांतल्या कपाटांवर ते रंगवलेलंही सापडेल.

आजचं चित्र असं आहे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ ही योजना २००० पासून चालू आहे. ती मुख्यतः यंत्रसामग्रीसाठी आहे, पण महाविद्यालयांसाठीची तिची पायरी पदव्युत्तर विभाग असलेल्यांनाच खुली राहिली. ज्या गावात फक्त बी.एस्सी.पर्यंतची सोय आहे, त्या गावाला तिचा उपयोग नाही. २०१३ मध्ये उच्च शिक्षणासाठीची ‘रुसा’ योजना आली. तिच्यात पुढे केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असा वाटा ठरला. पायाभूत सुविधांसाठी एका महाविद्यालयाला २ कोटी रुपये मिळत. त्याचे बांधकाम, दुरुस्ती आणि साहित्य असे वाटे पडायचे. २०२३ मध्ये तिचंच रूप बदलून ‘पीएम-उषा’ झालं. तीन वर्षांसाठी १२,९२६ कोटींची तरतूद करण्यात आली आणि महाविद्यालयाच्या बळकटीकरणाची रक्कम ५ कोटींवर गेली. रक्कम मोठी, पण ती साऱ्या महाविद्यालयासाठी. तिच्यात विज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या वाट्याला काय येतं, हे प्राचार्य कोणत्या विषयाचे आहेत यावरही थोडंफार अवलंबून असतं.

बहुतेक केंद्रीय योजनांच्या दारात दोन पहारेकरी असतात. पहिला म्हणजे नॅकचं मूल्यांकन. दुसरा म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यातलं कलम २(एफ) आणि १२(बी). १२(बी)ची मान्यता नसलेल्या संस्थेला आयोगाचा पैसा मिळत नाही. बऱ्याच विनाअनुदानित महाविद्यालयांकडे ती नसते. म्हणजे जिथे प्रयोगशाळा सर्वांत दुबळ्या, शिक्षक तासिका तत्त्वावर आणि फी हाच पैशाचा एकमेव झरा, तिथली मुलं या साऱ्या हिशेबाच्या बाहेरच राहतात. निकष गुणवत्तेसाठी आहेत हे मान्य, पण त्यांची ही बाजू कोणी मोठ्यानं बोलत नाही.

स्टार कॉलेज: रक्कम लहान, अट शहाणी

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेली योजना आकारानं सर्वांत किरकोळ आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००८ मध्ये ‘स्टार कॉलेज’ योजना सुरू केली. नावावरून ती फक्त जीवशास्त्रासाठी असावी असं वाटतं, पण पैसा रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणितालाही मिळतो. कारण सरळ आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोजमाप, आकडेमोड आणि रसायन येत नसेल तर जैवतंत्रज्ञान शिकून तो करणार काय?

एकेका विभागाला मिळणारी रक्कम काही लाखांतली. इमारती उठवायला ती पुरत नाही, आणि तोच तिचा गुण आहे. यंत्रांसाठी एकदाच मिळणाऱ्या पैशाबरोबर दरवर्षीचा आवर्ती पैसाही मिळतो. त्यातून रसायनं घ्यायची, मुलांना संशोधन संस्था दाखवायच्या, बाहेरचे तज्ज्ञ बोलवायचे, शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवायचं. हेतूच असा लिहिलेला आहे की पदवीच्या मुलांनी स्वतः प्रयोग करावेत आणि त्यांची विचार करण्याची सवय वाढावी. पहिली काही वर्षं ‘बळकटीकरणा’ची. त्यांत काम दिसलं तर ‘स्टार’ दर्जा. एकच विभाग पुढे येऊन भागत नाही, विज्ञानाच्या अनेक विभागांना एकत्र अर्ज करावा लागतो. त्यामुळे वनस्पतिशास्त्राचे हेड आणि भौतिकशास्त्राचे हेड वर्षातून निदान काही वेळा एका टेबलाशी बसतात. ज्यांनी महाविद्यालयात काम केलं आहे त्यांना यातली नवलाई सांगायला नको.

मुंबईचं रुईया आणि सेंट झेवियर्स, पुण्याचं फर्ग्युसन, साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, मडगावचं चौगुले महाविद्यालय ही या योजनेतली आपल्याकडची नावं. २०१८-१९ पासून शहरी आणि ग्रामीण असे गट वेगळे केले गेले. आधी नाशिक-नंदुरबारच्या आतल्या तालुक्यातलं महाविद्यालय आणि मुंबईतलं शंभर वर्षांचं महाविद्यालय एकाच तराजूत तोलली जात. वेगळे गट फार पूर्वीच व्हायला हवे होते.

आवर्ती पैशावर एवढा भर देण्याचं कारण वर्गात आहे. अनुदानातून पीसीआर यंत्र येतं. ते चालवायला एन्झाइम लागतं, ते उणे २० अंशांत ठेवायला डीप फ्रीझर लागतो, आणि फ्रीझरला लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टर. पहिल्या वर्षी सगळं नवं असतं. दुसऱ्या वर्षी एन्झाइम संपतं. तिसऱ्या वर्षी यंत्रावर कव्हर चढतं. दोष यंत्राचा नसतो. प्रस्तावात चौथ्या वर्षाचा विचार कोणी केलेला नसतो.

इंजिनिअरिंगचा मोठा पैसा

तंत्रशिक्षणात खरा मोठा पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून आला. ‘टेक्विप’ या कार्यक्रमाचे तीन टप्पे झाले आणि तो २०२१ मध्ये संपला. व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी, सांगलीचं वालचंद, नांदेडचं गुरु गोविंदसिंहजी ही महाराष्ट्रातली महाविद्यालयं त्यात होती. यंत्रशाळा नव्या झाल्या, शिक्षक पीएच.डी.ला गेले.

त्यातल्या एका अटीबद्दल मला विशेष आदर आहे. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक संस्थेला चार निधी उभे करायला सांगितलं होतं: एक कायम निधी, एक शिक्षकांच्या विकासाचा, एक जुनी यंत्रं बदलण्याचा आणि एक देखभालीचा. पैसे देणाऱ्यानंच सांगितलं होतं की आम्ही गेल्यावर तुमचं कसं चालणार याची सोय आजच करा. घरात फ्रीज घेताना दुरुस्तीचा खर्च कोणी बाजूला ठेवत नाही, आणि संस्थाही माणसंच चालवतात. त्यामुळे ही अट लिहून घ्यावी लागली.

तिसऱ्या टप्प्यात वेगळाच प्रयोग झाला. आयआयटी, एनआयटीमधून शिकलेले दीड हजाराच्या आसपास तरुण शिक्षक मागास राज्यांतल्या इंजिनिअरिंग महाविद्यालयांत कंत्राटावर नेमले गेले. मुलांना चांगले शिक्षक मिळाले. मग प्रकल्पाची मुदत संपली, तसं कंत्राटही संपलं. राज्यांनी त्यांना सामावून घ्यावं अशी अपेक्षा होती. बऱ्याच ठिकाणी ते झालं नाही आणि शिक्षकांवर आंदोलनाची वेळ आली. अनुदानातून पगार देण्याचा धोका तो हाच.

अमेरिकेत यादीकडून प्रश्नाकडे

अमेरिकेत पदवीच्या विज्ञान शिक्षणाला पैसा देणारी मुख्य संस्था म्हणजे १९५०ची नॅशनल सायन्स फाउंडेशन. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि तिथल्या विज्ञान शिक्षणावर पैशाचा पाऊस पडला. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फाउंडेशनचा शिक्षण विभाग जवळजवळ गुंडाळला गेला होता. १९८६ मध्ये होमर नील या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अहवाल दिला की पदवीच्या प्रयोगशाळांची दशा वाईट आहे आणि फाउंडेशननं पुन्हा लक्ष घालावं.

त्यानंतर आलेली पहिली मोठी योजना आपल्यासारखीच होती. यंत्रं घ्या, आणि जेवढे आम्ही देऊ तेवढे तुम्हीही घाला. अभ्यासक्रम सुधारण्याची योजना वेगळी, शिक्षक प्रशिक्षणाची वेगळी. १९९९ मध्ये या योजना एकत्र करून ‘कोर्स, करिक्युलम अँड लॅबोरेटरी इम्प्रूव्हमेंट’ हा एकच कार्यक्रम केला गेला. नावातला क्रम पाहा, प्रयोगशाळा शेवटी आहे. यंत्र मागता येत होतं, पण कोणती शिकवण्याची अडचण सोडवायला, हे आधी लिहावं लागे. पुढे त्यात तीन पायऱ्या आल्या. कल्पना लहान प्रमाणावर करून पाहायची असेल तर दीड लाख डॉलरपर्यंत, अनेक महाविद्यालयांत न्यायची असेल तर पाच लाखांपर्यंत, देशभर पसरवायची असेल तर वीस लाखांपर्यंत. प्रत्येक पायरीवर मुलं खरंच जास्त शिकली का, याचं मोजमाप बंधनकारक. २०१० आणि त्यानंतर या कार्यक्रमाची नावं बदलली, अट राहिली.

या अटीतून एक दुय्यम पीक आलं. शिकवण्यावरच संशोधन करणारे भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ तयार झाले. २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास होत होती. मुलांना प्रश्न सोडवायला, एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या वर्गात २१.८ टक्के. शंभराच्या वर्गात बारा मुलं वाचली. दुसरं उदाहरण कार्ल वाईमन यांचं. त्यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी संगणकावरचे आभासी प्रयोग बनवायला घेतले. फाउंडेशनच्या अध्यापन पुरस्काराचा आणि नोबेलचा पैसा त्यात गेला. ‘फेट’ नावाचे ते प्रयोग आज फुकट मिळतात, आणि त्यांतले अनेक मराठीतही आहेत.

तिकडचं सगळं गोड आहे असं नाही. २०२५च्या वसंतात फाउंडेशननं चालू असलेली हजाराहून अधिक अनुदानं मधेच रद्द केली. त्यांत शिक्षणाची अनुदानं मोठ्या संख्येनं होती. स्पुटनिकनं उघडलेला नळ राजकारण बंदही करू शकतं.

प्रस्ताव उलटा लिहा

आपल्याकडच्या प्रस्तावाचा ठरलेला साचा असा: संस्थेचा इतिहास, संस्थापकांचं ध्येय, विभागाची थोरवी, मग यंत्रांची यादी. तज्ज्ञ समितीतल्या माणसापुढे असे प्रस्ताव गठ्ठ्यानं येतात. संस्थापकांबद्दल आदर असूनही तो सरळ तक्त्याकडे वळतो.

माझा सल्ला उलट्या बाजूनं सुरू करण्याचा आहे. आधी एकच अडचण पकडा, ती आकड्यात सांगा. उदाहरणार्थ, द्वितीय वर्षाच्या ६० मुलांपैकी किती जणांना स्वतःच्या मोजमापातली चूक किती हे सांगता येतं? एक छोटी चाचणी घेतली तर हे कळतं, तिला पैसा लागत नाही. मग कोणतं प्रॅक्टिकल बदलणार ते लिहा, बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर. त्यासाठी कोणतं साहित्य लागेल ते त्यानंतर येऊ द्या. पंधरा लाखांचं एक यंत्र मागण्यापेक्षा पंधरा-वीस हजारांचे दहा संच मागा. दहा संच म्हणजे दोघांत एक संच, आणि दोघांत एक असेल तर हात लावायला मिळतो. एका यंत्राभोवती वीस मुलं उभी राहतात तेव्हा पुढची चार पाहतात आणि बाकीची मोबाइल पाहतात.

लॅब असिस्टंटचं नाव प्रस्तावात घाला. शिक्षकाच्या प्रशिक्षणासाठी पैसे मागतो तसे त्याच्यासाठीही मागा. प्रत्यक्षात यंत्र तोच चालवणार आहे, आणि सेवानिवृत्तीनं ती जागा रिकामी झाली तर काय, हाही प्रश्न प्राचार्यांना आजच विचारा.

यूसी नावाचं प्रकरण

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटले जातात आणि खरं काम तिथून सुरू होतं. केंद्राचा पैसा सामान्य वित्तीय नियमांनुसार, म्हणजे ‘जीएफआर २०१७’नुसार खर्च करायचा. खरेदी सरकारी जेम पोर्टलवरून, किंवा ठरावीक मर्यादेपर्यंत खरेदी समितीमार्फत. खर्च सरकारी पैशाचा माग ठेवणाऱ्या पीएफएमएसवर दिसला पाहिजे. आर्थिक वर्ष संपल्यावर ‘१२-ए’ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आपली यूसी, सीएच्या सहीनं पाठवायची. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारी तिजोरीत परत जातं. हे न कळल्यामुळे व्याजातून पडदे शिवलेले विभाग मी पाहिले आहेत. नंतर पडद्यांचे पैसे संस्थेला भरावे लागले.

सगळ्यांत छळणारी गोष्ट कॅलेंडरची. मंजुरी कधी कधी आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात येते आणि हप्ता जानेवारी-फेब्रुवारीत जमा होतो. त्याच दिवसांत प्रॅक्टिकल परीक्षा असतात. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा म्हणून घाईनं जे मिळेल ते घेतलं जातं. आमच्याकडे एकदा अशा मार्चमध्ये आलेलं एक उपकरण जूनमध्ये उघडलं, तेव्हा कळलं की त्याच्याबरोबर येणारा भाग मागवलेलाच नव्हता. म्हणून यादी, तपशील आणि कोटेशनं मंजुरीच्या आधीच तयार ठेवावीत. एका शिक्षकाचे आठवड्याचे दोन-तीन तास समन्वयकाच्या कामासाठी वेळापत्रकातूनच मोकळे करावेत. प्राचार्य ‘बघू’ म्हणतात. त्यांच्याकडून ते लेखी घ्यावं.

प्रस्तावाविना मिळणारी मदत

पैसा न येताही बरंच मिळतं, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्या दाराशी आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ नावाचा राष्ट्रीय उपक्रम चालतो. मुलं तिथे शिबिराला जातात आणि पुढे वैज्ञानिकांच्या हाताखाली प्रकल्प करतात. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’मध्ये महाविद्यालयानं रोबॉटिक्सच्या संचांचा खर्च करायचा, चार शिक्षकांचा गट द्यायचा आणि प्रशिक्षण तिकडून घ्यायचं. पैशाचा ओघ उलटा असूनही कित्येक महाविद्यालयांनी तो खर्च केला, कारण शिक्षक तयार होऊन परत येत होते. ‘स्पोकन ट्युटोरियल’ही तिथलंच. त्यातले संगणकाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात सीओईपीनं बनवलेले प्रयोगही आहेत. आभासी प्रयोगानं खऱ्याची जागा घेऊ नये, पण खऱ्याच्या आदल्या दिवशी मुलांनी तो करून यावा. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारले जातात, हा माझा अनुभव आहे.

लंबकाकडे परत

२०१५ मध्ये नताशा होम्स, कार्ल वाईमन आणि डग बॉन यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साधा लंबकच होता. मुलांना सांगितलं की १० अंशांवरून आणि २० अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा आवर्तकाल मोजा, तुलना करा, मोजमाप सुधारा आणि पुन्हा मोजा. पुस्तकातलं सूत्र म्हणतं, दोन्ही सारखे. पण १ मीटर लांबीच्या लंबकाची ५० आंदोलनं मोजली तर जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, आणि नीट मोजणाऱ्याला तो सापडतो. सूत्र लहान कोनांपुरतं आहे हे मुलांनी स्वतः शोधलं. पुढच्या प्रयोगांत न सांगता पद्धत सुधारण्याचं किंवा सुधारणा सुचवण्याचं प्रमाण या मुलांत इतरांच्या बारा पट निघालं.

या प्रयोगाला दोरा, गोळा, कोनमापक आणि स्टॉपवॉच लागतं. स्टॉपवॉच नसेल तर मुलांच्या खिशात मोबाइल आहेच. स्टार कॉलेजचा किंवा दुसऱ्या एखाद्या योजनेचा अर्ज लिहायला बसाल तेव्हा बसा. पण त्याआधी, येत्या सोमवारच्या बॅचला, फळ्यावरचं ९८० पुसून हा प्रयोग एकदा देऊन पाहा आणि काय होतं ते लिहून ठेवा. पुढच्या प्रस्तावाचं पहिलं पान त्यातूनच निघेल.